एक ओळ वरून

सकाळचे ऊन त्या घरात एकदम शिरत नसे. प्रथम ते गच्चीच्या पूर्वेकडच्या कडेवर येऊन टेके आणि बराच वेळ तिथेच राही. गच्चीची माती त्या वेळी पिवळसर दिसू लागे. तिच्यावरचा दवाचा काळपट ओलावा हळूहळू मागे सरके आणि कडेला पडलेली एखादी चुकार काडीसुद्धा आपली लांब सावली घेऊन उभी राही. मग ऊन भिंतीवरून खाली उतरे. उतरताना ते भिंतीचा प्रत्येक पोपडा, प्रत्येक खिळा, खिळ्याला अडकवलेला विळा आणि त्या विळ्याची तिरपी सावली एकेक करून दाखवून देई. गोठ्याच्या कुडाला फटी होत्या. त्यांतून आत गेलेल्या उन्हाच्या काड्या बैलांच्या पाठींवर पडत आणि तांबड्या बैलाची कातडी, माशी बसावी तशी, थरथरे. स्वयंपाकघरात मात्र ऊन आधी धुरालाच अडके. निळसर धुरात त्याचा एक खांब उभा राही आणि चूल निवली की तो खांब मोडून ऊन फडताळातल्या भांड्यांवर जाऊन बसे. अगदी शेवटी ते ओसरीवर येई. तिथे एक माणूस मांडीवर शास्त्र उघडून त्याची वाट पाहत असे. ऊन आधी त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागे, मग गुडघ्याला, मग पानाच्या कोपऱ्याला. आणि अक्षरे उजळली की त्याला वाटे, जगात जे जे नीट लावून ठेवायचे होते ते लावून झाले आहे, आता आपण फक्त वाचायचे.

"दादा, तुझ्या पानावर ऊन आलं म्हणजे गहू केव्हाचा तापला असणार," अंगणातून त्याच्या बहिणीचा आवाज आला. "दाणे गळायला लागतील. ऊठ आता."

"एवढा अध्याय होऊ दे."

"अध्याय काही गळत नाही."

त्याने पुस्तक मिटले. गावातल्या ख्रिस्ती मंडळीत त्याला सगळे वाचक म्हणत. पाळक लांबून येत, तेही महिन्यातून एखाद्या रविवारी. एरवी प्रार्थनाघरात शास्त्र वाचण्याचे काम त्याचे असे. त्याचा आवाज खरोखरच चांगला होता. तो वाचू लागला की रडणारी पोरे गप्प होत आणि म्हातारी माणसे डोळे मिटून घेत. लेकी आपापल्या घरी गेल्यावर घरात तो, त्याची बायको आणि ही धाकटी बहीण एवढीच माणसे उरली होती. नवरा वारल्यावर बहीण एक पेटी घेऊन माहेरी आली होती. "चार दिवस राहीन म्हणते," असे ती दारात उभी राहून म्हणाली होती. मग पेरणी आली, पेरणीमागून खुरपणी, खुरपणीमागून कापणी, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत.

शेतात निघायचे म्हणून त्याने पायांत वहाणा घातल्या, तोच दारात विटांची गाडी येऊन उभी राहिली. गाडीवर गवंडी बसला होता. अंगाने रुंद, केसांत कायमची चुन्याची पूड, आणि ओठांच्या कडेला हसू असे, की ते कोणाला हसते आहे हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये.

नमस्कार-चमत्कार करण्याची त्याची रीत नव्हती. तो एवढेच म्हणाला, "वाचकदादा, आज्ञा आली बघा गाडीत भरून. कुठं उतरवू?"

ही आज्ञा आदल्या रविवारी निघाली होती. पाळक आले होते आणि उपदेश संपवताना त्यांनी मंडळीला विचारले होते, "आपण स्वतःला विश्वासणारे म्हणवतो. मग शास्त्रातलं सगळं पाळतो का? की सोईचं तेवढं पाळतो आणि बाकीच्या पानांना हात जोडतो?" सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. कोणी खोकले. तेव्हा वाचक उभा राहिला. उभे राहण्याचे त्याने ठरवले नव्हते, पण राहिला.

"इतरांचं मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "आमच्या घरात सगळं पाळलं जातं."

"सगळं?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. त्या बाकावर गवंडी बसत असे, आणि बहुधा झोपत असे.

"अक्षर न् अक्षर."

"मग तुमच्या गच्चीला कठडा कुठाय? घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, कुणी पडून मेलं तर दोष तुझ्या घरावर येईल, असं लिहिलंय ना मोशेच्या नियमात?" आणि सगळे वळून पाहू लागले तसा तो ओशाळून म्हणाला, "बघता काय असे? गवंडी आहे मी. माझ्या धंद्याची तेवढी एकच आज्ञा सापडली, ती पाठ करून ठेवलीय."

मंडळी हसली. पाळकही हसले. वाचकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या हसण्यात बायकांच्या बाजूने आलेले एक हसू सर्वांत उशिरा थांबले, आणि ते त्याच्याच घरातले होते.

कठडा घालायचा ठरला. पण गोष्ट कठड्यावर थांबली नाही. माणसाने एकदा पेटी उघडून एक हरवलेली वस्तू शोधायला घेतली की पेटीच्या तळाशी पोचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, तसे वाचकाचे झाले. दाढीच्या कडा छाटू नयेत असे लिहिले होते. त्याने कात्री फडताळावर टाकली. लोकर आणि ताग एकत्र विणलेले वस्त्र वापरू नये असे लिहिले होते. त्याने घरातले एकुलते एक उबदार पांघरूण घडी करून बाजूला ठेवले.

"आणि थंडीत पांघरायचं काय?" बायकोने विचारले. "वचन?"

"गोष्ट श्रद्धेची आहे."

"श्रद्धा आहे हो. पाय गार पडतात." मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. "आणि ती दाढी जरा हातानं बाजूला धरून जेवत जा. अर्धा घास तिलाच जातोय."

शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरजवंतासाठी आणि वाटसरूसाठी ठेवावे, हेही त्याने पाळले. चारी कोपऱ्यांत गहू उभा राहिला. पहिल्या दिवशी वाटसरू आला नाही, गरजवंतही आला नाही. शेजाऱ्याच्या शेळ्या आल्या. बहीण काठी घेऊन धावली, तर वाचकाने तिला अडवले.

"त्या वाटसरूच झाल्या."

"दादा, त्या रोज याच वाटेनं जातात!" बहीण हसू दाबत म्हणाली. पण तिने काठी खाली टाकली, आणि संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या म्हातारीला स्वतः बोलावून आणून उरलेले कोपरे तिच्याकडून कापवून घेतले. म्हातारीने ओटीत गहू भरून घेतला आणि जाताना वाचकाला तोंड भरून आशीर्वाद दिला. त्या रात्री तो शांत झोपला. आज्ञा पाळण्यात सुख आहे, हे त्याला अगदी खरे वाटले. आणि ते खोटे नव्हतेही.

गच्चीवर काम सुरू होते. सकाळी शेतातून आलेल्या पेंढ्या खळ्यावर टाकून झाल्या की बहीण शिडीने विटा वर देई. वाचक ओसरीवर बसून विळ्यांना धार लावत असला की वरचे बोलणे खाली ऐकू येई.

"उंची किती धरायची?" गवंडी विचारी.

"शास्त्रात माप नाही?"

"नाही. माणूस पडू नये एवढा."

"मग ते माणूस किती वेंधळा आहे त्यावर आलं."

"तुमच्या दादाच्या मानानं धरतो. म्हणजे भिंतच बांधावी लागेल."

वर दोघेही हसत. बहीण अशी हसे की वाचकाच्या हातातला विळा थांबे. पहिल्यांदा तो थांबला तेव्हा त्याला वाटले, दगड कोरडा पडला म्हणून थांबला. त्याने दगडावर पाणी शिंपडले.

कठड्याच्या तीन बाजू बांधून झाल्या त्या दिवशी दुपारी गवंडी खाली आला. हौदावर त्याने हात धुतले, तोंड धुतले, पुन्हा हात धुतले. खांद्यावरचा ओळंबा काढून तो हातात गुंडाळत उभा राहिला.

"वाचकदादा, एक विचारायचं होतं. कठड्याचं नाही."

"विचार की."

"हे काम झालं की मी डोंगरापलीकडच्या गावी जाणार आहे. तिथं शाळा बांधायचीय, मोठं काम आहे, राहायला खोली देतायत." तो थांबला. ओळंब्याचे वजन त्याच्या बोटांतून सुटून पायाशी लोंबू लागले. "तुमच्या बहिणीला घेऊन जावं म्हणतो. लग्न करून. तिला विचारलंय. ती म्हणाली, दादाला विचार."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

वाचकाने विळा खाली ठेवला. त्याच्या मनात काय आले ते त्याने स्वतःलाही नीट पाहू दिले नाही; त्याआधीच तोंडात वचन आले. त्याचे तसेच होत असे. "ती इथं सुखात आहे," तो म्हणाला. "आणि नवरा गेलेल्या बाईनं आहे तसंच राहावं, त्यात ती अधिक सुखी होईल, असं प्रेषितानं लिहून ठेवलंय."

"आज्ञा आहे?"

"लिहिलेलं आहे."

गवंड्याच्या ओठांवरचे हसू पहिल्यांदाच पूर्ण पुसले गेले. "लिहिलेलंच असेल तर मी काय बोलणार?" तो हळूच म्हणाला. "मला बापड्याला एकच आज्ञा पाठ." ओळंबा गुंडाळून तो शिडी चढून वर गेला, आणि त्या दुपारी वरून थापीच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही.

बहीण दारात येऊन उभी होती. तिच्या हातांना विटांचा लाल रंग लागला होता.

"दादा, त्याच्या एक ओळ वर काय आहे?"

"कशाच्या?"

"आत्ता तू जे म्हणालास त्याच्या."

"तुला काय करायचंय?"

"मीही वाचलंय. माझ्या डोळ्यांनी वाचलंय. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी लहान असल्यापासून तू वाचतोस आणि मी ऐकते. तू म्हणालास की मग माझ्या मनात काही राहणार नाही."

"त्या ओळीचा संदर्भ वेगळा आहे."

"शेजारच्या ओळीचा?"

"तू खळ्याकडे बघ. पाखरं बसली असतील."

ती खळ्याकडे गेली. पाखरे बसली नव्हती. तरी तिने हात वर करून ती उडवून लावली.

बायको संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढताना एवढेच म्हणाली, "वन्संना मी म्हटलं, जायचं तर जा, मी आहे. तर म्हणतात, चोरून गेल्यासारखं नको. दादानं म्हटलं की जाईन, नाही म्हटलं तर गहू आहेच." तिने भांडे जरा जोरात ठेवले. "तुमच्यावर जीव आहे हो त्यांचा. तोच नडतोय."

मळणीचा दिवस उजाडला तो ढगाळ. अवेळी ढग आले होते. पश्चिमेला, डोंगराच्या मागे, एक काळा पट्टा उठून बसला होता आणि तो न हलता वाढत होता. ओंब्या खळ्यावर पसरलेल्या. भिजल्या तर दाणा काळा पडणार, वर्षाचे धान्य जाणार. मधल्या खांबाला, तिवड्याला, बैल बांधले. आत पांढरा, बाहेर तांबडा. बहीण दाताळ्याने काड उलथत होती, बायको कडेचे दाणे झाडत होती. कठड्याची चौथी बाजू बांधायला गवंडी गच्चीवर होता. ती झाली की तो जाणार होता.

वाचक बैलांमागे फिरू लागला. इतर माणसे बैलांना हाकारे घालतात, शिव्या घालतात, कुणी गाते. वाचक शास्त्र म्हणत असे. प्रेषिताने मंडळ्यांना लिहिलेले जे पत्र त्या वेळी मनात चालू असेल ते सुरुवातीपासून, ओळीमागून ओळ, न थांबता. बैल वासरू असल्यापासून तेच ऐकत आलेले. त्यांना दुसरा हाकारा कळत नसे. तो म्हणत राहिला की ते चालत, तो दम घ्यायला थांबला की तेही थांबत. गावात त्यावर पुष्कळ थट्टा होई. "उपासना संपली की तुमचे बैल आमेन म्हणतात का हो?" असे विचारीत.

काही फेरे झाले आणि तो स्वतःच थांबला. बैल थांबले. त्याने वाकून तांबड्याच्या तोंडाचे मुसके सोडले.

"दादा, काय करतोस?"

"मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नये, लिहिलंय."

"अरे, लिहिलंय ते खरं, पण हा हावरा जन्मात कधी मोकळा सुटला नाही. सवय नाही त्याला. आज ढग आलेत, आज नको. उद्यापासून थोडं थोडं सोडू."

"आज्ञेला आज आणि उद्या नसतं."

"बैलाला पोट असतं!"

पण मुसके सुटले होते. पांढऱ्याचेही त्याने सोडले. पांढरा स्वभावाने सुस्त. तो दोनचार घास खाऊन चालू लागला. तांबड्याने मात्र मान खाली घातली ती वर काढलीच नाही. चालताना खाई, वळताना खाई, डोळे मिटून खाई. ओंब्या काडासकट त्याच्या तोंडात अशा शिरत होत्या, की त्याला आयुष्यभराची भरपाई एका सकाळीत करायची आहे असे वाटावे. वाचक मागून म्हणत होता आणि पाहत होता. आणि त्याला आनंद होत होता. एवढी साधी आज्ञा, एवढे मोठे जनावर, आणि एवढे उघड सुख!

दुपारी तांबडा थांबला. वाचक म्हणत होता तरी थांबला. त्याची डावी कूस ढोलासारखी वर आली होती. त्याने मान लांब केली, एकदा वाचकाकडे पाहिले आणि गुडघ्यांवर बसू लागला.

"बसू देऊ नका!" बहीण दाताळे टाकून धावली. "दादा, शेपटी धर! वहिनी, तेल आणा! असेल नसेल तेवढं!"

"अगं, महिन्याचं तेल आहे ते!"

"वहिनी, बैल जन्माचा आहे!"

गवंडी शिडीच्या निम्म्यातूनच उडी टाकून आला. त्याने खांदा बैलाच्या छातीखाली घातला आणि त्याला उठवले. बहिणीने एक जाड काठी बैलाच्या जबड्यात आडवी घालून दोरीने शिंगांना बांधली, म्हणजे तो ती चघळत राहील. बांबूच्या नळीने तेल पाजले. निम्मे बैलाच्या पोटात गेले, निम्मे नळी धरायला पुढे आलेल्या वाचकाच्या दाढीत. मग त्याला चढावर उभा केला आणि दोघे दोन बाजूंनी त्याची कूस चोळू लागले, बहीण एका अंगाला, गवंडी दुसऱ्या अंगाला. वाचक शेपटी धरून मागे उभा होता.

"आता काय करू?" त्याने विचारले.

"चोळ."

"कुठं?"

"मी चोळतेय तिथं. जोर लाव."

"आता?"

"आता प्रार्थना कर," ती दम खात म्हणाली, "पण चोळता चोळता."

त्याने केली. त्या प्रार्थनेत एकही सुंदर शब्द नव्हता. देवा, बैल, देवा, बैल, एवढेच तो म्हणत राहिला. घाम डोळ्यांत जात होता. हाताखालची कातडी इतकी ताणली होती की तिच्यातून आपलाच हात परत येतो आहे असे वाटत होते.

मग तांबड्याच्या पोटात लांबून, डोंगरापलीकडून यावी तशी, एक गडगड सुरू झाली. वाचकाने दचकून ढगांकडे पाहिले. ढग गप्प होते. गडगड जवळ आली आणि बैलाने अशा आवाजात वारा सोडला, की गच्चीवर बसलेली कबुतरे उडाली, आणि ढग पाहता पाहता बरोबर शेपटीमागे सरकलेला वाचक दोन पावले मागे जाऊन काडाच्या ढिगात बसला.

बैलाने एक दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा, थोड्या लहान आवाजात, आपले म्हणणे पुरे केले.

"आमेन," गवंडी म्हणाला.

आधी बायकोला हसू फुटले. ती तेलाचे रिकामे भांडे पोटाशी धरून खाली बसली. मग बहिणीला. ती बैलाच्या अंगावर डोके टेकून हसू लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि चुन्याने भरलेल्या हाताने गवंड्याने तिच्या केसांतली काडी काढली तेव्हा ते त्या दोघांच्याही लक्षात आले नाही. वाचकही हसत होता. तेलाने माखलेल्या दाढीत काड अडकले होते, नाकात तो वास होता, आणि त्याला इतके हसू येत होते की कुशीत कळ येत होती.

पण पश्चिमेचा पट्टा आता निम्म्या आभाळावर आला होता, आणि खळ्यावर निम्मे पीक तसेच होते.

"तांबडा आता कामाचा नाही," बहीण डोळे पुसत म्हणाली. "पांढऱ्याला एकट्याला फिरव. आम्ही काठ्यांनी झोडतो."

"आणि तुझा कठडा?" वाचकाने गवंड्याला विचारले.

"कठडा भिजला तरी कठडाच राहील. गहू तसा नाही." त्याने काठी उचलली.

चौघे कामाला लागले. काठ्या उठत होत्या, पडत होत्या. कणी, भूस, धूळ उडत होती. घशात कोरड पडत होती. पांढरा एकटाच तिवड्याभोवती फिरत होता, आणि वाचक त्याच्यामागे म्हणत होता. तांबडा बसू लागला तेव्हा जिथे तो थांबला होता तिथून त्याचे तोंड आपोआप पुढे चालले होते. मन ढगांकडे होते. पत्राच्या ओळी एकामागून एक येत होत्या, नवरा-बायकोच्या, अविवाहितांच्या, मुलींच्या. आणि मग पुढची ओळ समोर आली तेव्हा त्याला कळले, आपण कुठे येऊन पोचलो आहोत.

त्याचा आवाज थांबला. पांढरा थांबला.

"काय झालं?" बायको ओरडली. "अहो, म्हणा पुढं! ढग बघा!"

त्याने एक ओळ सोडून पुढचे म्हणायला तोंड उघडले. आयुष्यात त्याने कधी ओळ गाळून म्हटले नव्हते. त्या दुपारी ओसरीवर ते पहिल्यांदाच झाले होते. आता पुन्हा ते जमेना. आवाज निघाला तो फुटका, आणि पांढऱ्याने नुसता कान हलवला.

"चालव ना दादा!" बहीण म्हणाली, आणि मग तिलाही कळले. तिलाही ते पत्र येत होते. तिने दाताळे उभे धरले. तिने "म्हण" असे म्हटले नाही. तेच त्याला जड गेले.

वाचकाने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग प्रार्थनाघरात वाचतो त्याच आवाजात, स्वच्छ, त्याने म्हटले, की नवरा जिवंत आहे तोवर बाई बांधलेली असते. पण तो गेला तर ती मोकळी आहे, तिच्या मनात येईल त्याच्याशी तिने लग्न करावे. मात्र तो प्रभूतला, विश्वासणारा असावा.

पांढरा चालू लागला.

गवंड्याची काठी वरच्या वर राहिली होती. "हे... हे लिहिलंय?"

"लिहिलंय," वाचक बैलामागून म्हणाला.

"कुठं?"

"एक ओळ वर."

"अहो, पुन्हा एकदा म्हणा," बायको म्हणाली. "हे गवंडी उपासनेत झोपतात, यांना एकदा ऐकून कळत नाही."

त्याने पुन्हा म्हटले. मग आणखी एकदा, तिने सांगितले नव्हते तरी. पांढरा फेऱ्यामागून फेरे घालत राहिला. बहीण मान खाली घालून काड उलथत होती, दुप्पट वेगाने, आणि तिची मान, कान, दंड सगळे लाल झाले होते. गवंडी असा झोडत सुटला की बायको म्हणाली, "हळू हो, खळं फुटेल, मग त्याचीही आज्ञा शोधावी लागेल!"

शेवटची पेंढी झोडून झाली तेव्हा काळा पट्टा डोक्यावर आला होता. त्यांनी दाण्यांचा ढीग केला, त्यावर हाती लागेल ते टाकले: गोणपाट, चटया, गवंड्याचा विटांवर घालायचा कापडी पडदा. बायकोने आतून लोकर आणि तागाचे ते पांघरूण आणले आणि नवऱ्याकडे न पाहता सर्वांत वर पसरले. त्याने पांघरुणाच्या कडेवर एक वीट ठेवली. मग सगळे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. चार थेंब पडले. वारा फिरला, आणि तो सगळा काळेपणा, कुणाचेच काही न बिघडवता, ओढ्यापलीकडे निघून गेला. ढगांच्या खालून उतरते ऊन खळ्यावर आले. गवंडी मोठ्याने हसला. दावणीला तांबडा काठी चघळत उभा होता आणि पुन्हा काडाकडे मान लांब करत होता.

"उरलेला कठडा उद्या पुरा करतो," गवंडी वाचकाला म्हणाला. "आणि रविवारी पाळकांना विचारू, त्यांना कधी सवड आहे."

"विचारू," वाचक म्हणाला. "आणि रविवारी पुढच्या बाकावर बस. घरचा माणूस मागं झोपलेला बरा दिसत नाही."

गवंडी आणि बायको पाणी प्यायला हौदाकडे गेले. बहीण गव्हाच्या ढिगाशेजारी बसली होती. धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ती म्हातारी दिसत होती आणि फार लहानही दिसत होती. वाचक तिच्याजवळ जाऊन बसला. दोघांच्याही हातांना फोड आले होते. दोघांनीही ते एकमेकांना दाखवले नाहीत.

"दादा."

"हं."

"ती ओळ तुला त्या दिवशी आठवत होती?"

"होती."

"तू तर म्हणालास, संदर्भ वेगळा आहे."

"वेगळा नाही."

ती रागावली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की रागाला तिथे बसायला जागाच नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचे होते. "मग का नाही म्हणालास?"

वाचकाने तोंड उघडले. सवयीने तो एखादे वचन येण्याची वाट पाहत राहिला. कुठलेच आले नाही. हौदावर ते दोघे कशावरून तरी हसत होते, आणि ते हसू ऐकून बहिणीच्याही ओठांवर हसू आले होते.

"शेतात कामाला तू हवी होतीस," तो म्हणाला.